आबांची खुर्ची आणि तीन महिन्यांची मुदत

मला बैठकीत बसवत नाही. शाळेत असताना बाई म्हणायच्या, हिच्या बाकाला खिळे आहेत का बघा. आता पन्नाशी उलटली तरी तेच. जरा वेळ झाला की पाय हलायला लागतात, मग हातातलं पेन, मग शेजारणीची पाण्याची बाटली. धुळ्याच्या त्या सभागृहात मी दारालगतची खुर्ची पकडली ती एवढ्यासाठीच, की कुणाला न दुखावता उठून बाहेर जाता यावं. समोरच्या पडद्यावर लिहिलं होतं, 'स्वयंसेवी क्षेत्राच्या बळकटीकरणासाठी धोरणात्मक प्राधान्यक्रम'. मी ते वाचलं आणि घड्याळ पाहिलं. दुपार होत आली होती. म्हणजे पहूरच्या अलीकडच्या आमच्या कामाच्या गावात एक बाई सकाळीच कापूस वेचायला गेलेली असणार, आणि घरात तिच्या नऊ वर्षांच्या मुलीचा पाय खाटेला बांधलेला असणार.

ती गाठ सुटावी म्हणून मी तिथं गेले होते. प्राधान्यक्रम वगैरे नंतरचं.

हे सगळं आबांपासून सुरू होतं. आबा त्या गावातले केळी-कापसाचे शेतकरी. त्यांच्या धाकट्या बहिणीनं सगळं आयुष्य घरातल्या मागच्या खोलीत काढलं. जन्मताना मेंदूला इजा झालेली, हातपाय ताठ, बोलणं अस्पष्ट. ती गेल्यावर आबांनी घराशेजारची कापूस साठवायची खोली रिकामी केली आणि जळगावला माझ्याकडे आले. मी तेव्हा अशा मुलांच्या शाळेत शिकवत होते आणि तिथल्या मुख्याध्यापकांशी रोज भांडत होते. आबा म्हणाले, "ताई, खोली हाय. मुलं बी हायेत, घराघरात कोंडलेली. तुम्ही या." मी गेले. खोलीच्या आढ्यात अडकलेला कापूस अजून अधूनमधून खाली पडतो आणि मुलं तो धरायला हात वर करतात. आम्ही त्यालाच व्यायाम म्हणतो.

त्या खोलीत केंद्र सुरू केलं, संस्था नोंदवली. आबा अध्यक्ष, मी सचिव, बाकीचे आबांचे चुलतभाऊ आणि गावातले दोघं-तिघं जाणते. बँकेत आबांची आणि माझी सही. दोन्ही सह्या हव्यातच, हा आबांचाच आग्रह. म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. आठवड्यातून तीनदा जळगावहून फिजिओथेरपिस्ट यायची, एक जीप आजूबाजूच्या वस्त्यांवरून मुलं गोळा करायची. दहा-बारा मुलं असत. त्यांच्या आया तेवढ्या वेळात शेतात जात. एवढाच आमचा पसारा, आणि तो छान चालला होता.

होळीच्या सुमाराला आबा गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.

आमच्याकडे घरातला कर्ता माणूस गेला की वर्ष धरतात. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात नवं काही करायचं नाही. सणाला गोडधोड नाही, भिंतीला रंग नाही आणि गेलेल्या माणसाच्या जागेवर कुणी बसायचं नाही. दहाव्याला सगळे जमले होते तेव्हा आबांच्या चुलतभावानं, म्हणजे नानांनी, केंद्रात जाऊन आबांची खुर्ची पुसली, तिच्या पाठीवर त्यांचं उपरणं टाकलं आणि सांगून टाकलं, "वरीस होऊ द्या. आबांच्या जागेवर आत्ताच माणूस बसवला तं गाव काय म्हणन?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मला ते बरोबर वाटलं होतं आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं. माणूस गेल्यावर लगेच त्याच्या खुर्चीसाठी अर्ज मागवणारं गाव मला नको.

पण कायद्याला हे कुठं माहीत! विश्वस्त मंडळात कुणी आलं-गेलं की तीन महिन्यांच्या आत नोंदणीच्या कार्यालयात कळवावं लागतं. आम्ही वर्ष धरलं आणि कायद्यानं तीन महिने धरले. हाताशी असलेल्या रोख पैशांवर तोवर भागवलं; पावसाळा सरता सरता ते संपले, तर बँकेनं हात वर केले. अध्यक्ष हयात नाहीत, नव्या अध्यक्षाची नोंद आणा, मग व्यवहार. नोंदीला गेलो तर मुदत उलटलेली. उशीर का झाला याचा वेगळा अर्ज करा, उशिराला माफी मिळाली की मग बदलाचा अर्ज. मी अर्जात सरळ लिहिलं, आम्ही दुःखात होतो. जळगावच्या वकीलसाहेबांनी ते वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, दुःख हे कारण चालेल. पण सोबत पुरावा लागेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुरावा म्हणून काय जोडायचं होतं, उपरणं?

शिवाय अर्जात आबांच्या जागी नवं नाव द्यावं लागणार होतं आणि ते द्यायला नाना तयार नव्हते. नाना दुष्ट नाहीत. आबांच्या आधी ते कधी पंगतीला बसले नाहीत, असा माणूस. मी त्यांच्यापुढं किती डोकं आपटलं! ते ऐकून घेत, चहा पाजत आणि शेवटी म्हणत, "फाल्गुन काय लांब हाय?"

लांब होता. पुण्याच्या देणगीदारांकडून येणारी मदत बँकेच्या खात्याशी येऊन अडली. जीपवाला काही दिवस आला, मग त्यानं जीप लग्नाच्या भाड्याला लावली. फिजिओथेरपिस्टला नाशिकला नोकरी मिळाली. जाताना ती रडली, मी तिच्यावर चिडले, मग दोघी रडलो. दिवाळीनंतर मी केंद्राला कुलूप लावलं. अक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, ओट्यावरून बघत होत्या. त्यांना वर्षभर कुणाच्या घरी जायचं नव्हतं. आपल्या अंगणापुरतं त्यांचं हिंडणं-फिरणं. मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि बसस्टॉपकडे चालू लागले.

त्यानंतरच्या आठवड्यात मी सहज म्हणून त्या मुलीच्या घरी डोकावले. सहज कुठलं, जिवाची नुसती घालमेल चालली होती म्हणून. गावाच्या पलीकडच्या टोकाला घर. बाप सुरतेला कामाला, तो वर्षातून कधीतरी येणार. दाराला बाहेरून कडी. कडी काढली तर आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खाट आणि खाटेखाली मुलगी. मला पाहून ती खुदकन हसली. जवळ यायला निघाली आणि हातभर सरकून थांबली. तिच्या घोट्याला जुन्या पातळाची पट्टी होती. मऊ, धुतलेली पट्टी. दुसरं टोक खाटेच्या पायाला बांधलेलं.

मी गाठ सोडायला बसले तेवढ्यात आई आली. तिचं शेत जवळच होतं, मधल्या सुटीत ती बघायला येऊन जाई. ती ओरडली, "सोडू नका! सुटली तं चुलीकडे जाते. परवा हात भाजला तिचा." मी काहीतरी बोलणार होते, माणुसकी वगैरे. ती माझ्याकडे न बघता मुलीचा हात फुंकत म्हणाली, "आधी बरी होती. पडून राह्यची, जिथं ठेवली तिथं. तुम्हीच तं शिकवलं तिले सरकायले."

ते खरं होतं. ती आमच्याकडे आली तेव्हा मान धरत नव्हती. दोन वर्षं आम्ही तिच्यापुढं लाल चेंडू धरून बसलो. चेंडूसाठी ती पहिल्यांदा पोटावर सरकली त्या दिवशी आबांनी सगळ्यांना पेढे वाटले होते. केंद्र नसतं तर तिला बांधावं लागलं नसतं. केंद्र उघडं असतं तरी बांधावं लागलं नसतं. आम्ही ते अर्ध्यावर आणून बंद केलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्यानंतरही कित्येक रात्री लागली नाही.

अशात धुळ्याच्या बैठकीचं निमंत्रण आलं. छोट्या संस्थांची मतं मागवून ती वर सरकारकडे पाठवणार होते. मी जळगावहून सकाळची एसटी धरली. एरंडोलला गाडी उगाचच थांबून राहिली. वाहक चहा पिऊन आला, चालक पिऊन आला, मग दोघं मिळून पुन्हा गेले. मी खिडकीतून बसल्या बसल्या भाषण जुळवत होते आणि पाय हलवत होते. पुढच्या सीटवरचा माणूस शेवटी वळून म्हणाला, "मावशी, सीट हालती ना." मी पाय आवरले. थोड्या वेळानं ते पुन्हा सुरू झाले.

सभागृहाच्या भिंतींवर मोठे कागद लावलेले होते. प्रत्येकावर एक मथळा. क्षमताबांधणी, डिजिटल सक्षमीकरण, पारदर्शकता, शाश्वतता. प्रत्येकानं आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या कागदांवर रंगीत ठिपके चिकटवायचे, जिथं जास्त ठिपके ते प्राधान्य. गंमत अशी, की ठिपके निम्म्यातच संपले. सूत्रसंचालन करणारा तरुण मुलगा गोंधळला. तेव्हा शिरपूरकडच्या एका बाईंनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि म्हणाल्या, "घ्या, यानं काय बिघडतं?" मग सगळ्याच बायकांनी पर्सा उघडल्या. क्षमताबांधणीवर मरून टिकल्या, पारदर्शकतेवर चंद्रकोर. मला हसू आलं आणि रागही आला, कारण माझ्या हातात टिकल्या होत्या आणि लावायला जागा नव्हती. माझं म्हणणं कुठल्याच कागदावर नव्हतं.

बोलायची पाळी आली तेव्हा जुळवलेलं भाषण मी विसरले. उभ्या उभ्या सांगितलं ते असं. "माणूस गेला की आम्ही वर्ष धरतो. कायदा तीन महिने देतो. तुमचं चूक असं मी म्हणत नाही, हिशेब पाहिजे, नोंद पाहिजे, चोर खूप आहेत या धंद्यात. पण एक माणूस मेला म्हणून अख्ख्या संस्थेला का मारता? नोंद होईपर्यंत उरलेल्यांच्या सह्यांवर काम चालू द्या. मोठ्या संस्थांकडे वकील असतात, कंपनी सेक्रेटरी असतात. आमच्याकडे एक आबा होते."

मग मी मुलीचं सांगितलं. पट्टीचं सांगितलं. आवाज चढला होता, मला कळत होतं, पण खाली येईना.

तरुण मुलगा अदबीनं म्हणाला, "मॅम, हा फार महत्त्वाचा पण ऑपरेशनल मुद्दा आहे. आपण आज पॉलिसी लेव्हलवर बोलतोय."

मी दाराकडे निघालेच होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून साक्रीकडचे एक म्हातारबुवा उठले. पांढरी टोपी, हातात काठी. म्हणाले, "आमना अध्यक्ष मरीसन दोन वरीस व्हयनात. पन कागदवर तो आजून जित्ता शे." सभागृह हसलं. ते हसले नाहीत. चारी बाजूंना, बसलेल्या सगळ्यांवरून काठी फिरवून म्हणाले, "बठ्ठास्नं असंच शे. इचारा."

आणि विचारायची गरज पडली नाही. एकेक हात वर व्हायला लागला. कुणाच्या संस्थेतला खजिनदार वारलेला, कुणाचा अध्यक्ष मुलाकडे अमेरिकेला जाऊन बसलेला, एका वसतिगृहाच्या बाई तर मयत सभासदाच्या बायकोला सगळ्या कागदांवर त्याचं नाव बघून कसं वाटतं ते सांगता सांगता थांबल्या. तरुण मुलानं एक कोरा कागद आणला. त्यावर काय मथळा द्यावा ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं 'इतर' असं लिहिलं. मी माझ्या सगळ्या टिकल्या तिथं लावल्या. बघता बघता तो कागद भरून गेला. मुलानं त्याचा फोटो काढला आणि मला हळूच म्हणाला, "मॅम, माझ्या आजोबांचंही एक वाचनालय होतं."

परतीच्या गाडीत मी हवेत होते. कसल्या हवेत, त्याच एसटीत. पण वाटत होतं, काहीतरी हललं. महिनाभरानं अहवाल आला. चकचकीत, मुखपृष्ठावर टिकल्यांचाच फोटो. आत प्राधान्यं क्रमानं दिलेली. आमचं शेवटच्या पानावर, 'इतर सूचना' या मथळ्याखाली एका ओळीत. 'विश्वस्त बदलाच्या प्रक्रियेत सुलभता आणण्याचा विचार व्हावा.' विचार व्हावा! मी अहवाल भिरकावला, मग उचलला, कारण कागद फार गुळगुळीत होता आणि मुलांना चित्रं बघायला उपयोगी पडला असता. मुलं कुठं होती पण.

तो अहवाल घेऊनच मी गावाला गेले. अक्का ओट्यावर तूर निवडत होत्या. आतापर्यंत त्यांना मी पट्टीचं सांगितलं नव्हतं. दुःखात असलेल्या बाईला काय आणखी सांगायचं, असं वाटायचं. त्या दिवशी मात्र तोंडाला लगाम राहिला नाही, सगळं ओकून टाकलं. अक्कांचा हात सुपात थांबला.

"गाठ कशी होती वं?" त्यांनी विचारलं. "आवळलेली?"

"सैल होती अक्का. पण होती."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग त्यांनी नानांना बोलावणं धाडलं. नाना आले, पायरीवर टेकले. अक्का म्हणाल्या, "भाऊजी, त्यांच्या जागेवर माझं नाव लिहा. उद्याच." नाना चपापले. "वहिनी, वरीस..." "वरीस मी धरलं हाय," अक्का म्हणाल्या, "त्या पोरीनं नाही धरलं." नाना आपल्या उपरण्यानं डोळे पुसत उठले आणि मला म्हणाले, "ताई, आणा कुठं सही करायची ते."

दुसऱ्या दिवशी मी सगळं घेऊन जळगावच्या कार्यालयात गेले. बदलाचा अर्ज, उशिराच्या माफीचा अर्ज, ठराव. खिडकीतला माणूस भला होता. एकाच टेबलावर किती फायली, ते मला दिसत होतं. त्यानं शिक्का मारला आणि सुनावणीची तारीख लिहून दिली. ती फाल्गुनाच्याही पुढची होती. आबांचं वर्षश्राद्ध होऊन गेल्यानंतरची. मी त्याला विचारलं, "दादा, आम्ही वर्ष थांबलो म्हणून चुकलो, बरोबर?" तो म्हणाला, "हो ताई." "आणि आता तुम्हीही वर्ष उलटेपर्यंत थांबायला सांगताय?" त्यानं वर पाहिलं. त्याला कळलं असावं, पण मागं रांग होती.

मी तिथूनच पहूरची गाडी धरली. ही बातमी फोनवर सांगायची माझी हिंमत नव्हती. गावात उतरून आधी मुलीच्या घराकडे वळले. दार उघडं, खाट रिकामी. पट्टी खाटेच्या पायाशी पडलेली. चूल, विहीर, रस्ता, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. शेजारीण म्हणाली, "अक्का घेऊन गेल्या ना. सकाळीच आल्या होत्या, पायी." अक्का? वर्षभर कुणाच्या घरी न जाणाऱ्या? गाव ओलांडून या टोकाला? "व्हय," शेजारीण म्हणाली, "लोटगाडीत बसवून नेलं तिले. तिच्या आईले म्हणाल्या, तू जाय वेचायले."

मी जवळजवळ पळतच गेले. वाटेत डोक्यात अहवालाचं पान फिरत होतं. उद्या कुणी हे ऐकेल आणि म्हणेल, बघा, समाजाचा सहभाग, आपलं खेडं कसं स्वतःहून उभं राहतं. मला त्याची आत्ताच चीड येत होती. अक्कांचे गुडघे जाम झालेले आहेत. एक म्हातारी म्हणजे काही धोरण नव्हे. त्या किती दिवस लोटगाडी ढकलणार, आणि बाकीच्या दहा घरांचं काय? सुनावणीपर्यंत मी काय करू, कुणाचे उंबरे झिजवू? असा सगळा विचार करत मी कापसाच्या खोलीपाशी पोचले. कुलूप निघालेलं होतं.

आत चटई पसरलेली. अक्का भिंतीला टेकून बसलेल्या, नाना दारापाशी उभे. मुलगी चटईच्या मधोमध पोटावर होती. तिच्या घोट्यावर पट्टीचा फिकट वळ तेवढा दिसत होता. आढ्यातून कापसाचा एक पुंजका तरंगत आला आणि आबांच्या खुर्चीवर जाऊन बसला. तिनं तो पाहिला. मान उचलली आणि सरकायला लागली. कोपरावर जोर, मग गुडघा, मग पुन्हा कोपर. तिला चुलीपासून मागं ओढणारी पट्टी आता नव्हती, तरी ती हातभर सरकली की थांबून मागं बघे. मग पुन्हा पुढं निघे.

ती खुर्चीपाशी पोचली. तिनं खुर्चीचा पाय धरला, मग बसायची फळी धरली आणि अंग वर ओढलं. गुडघ्यांवर आली. आम्ही तिला असं कधी शिकवलं नव्हतं. तिचा हात वर गेला, पाठीवरच्या उपरण्यात अडकला आणि उपरणं घसरलं. होळीपासून कुणी हात न लावलेलं उपरणं. नानांच्या तोंडून 'अरे' निघालं आणि मी ते झेलायला धावले.

"असू दे ते," अक्का म्हणाल्या. "खुर्ची धर तू. पोरगी पडन."

उपरणं खाली पडलं. मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. मुलीनं एक पाय टेकला, मग दुसरा. पाय थरथरत होते, खुर्ची कलत होती आणि मी ती दाबून धरून होते. कार्यालयानं दिलेला तारखेचा कागद माझ्या काखेत चुरगळत होता. आयुष्यात कधी नव्हे ते मी जागची हलले नाही.